कंबरदुखीच्या लेखात एक ओळ राहून गेली

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पाठदुखी-कंबरदुखीवर अर्धं पान लेख आलाय, बसायचं कसं, वाकायचं कसं, गादी कडक हवी का मऊ, भुजंगासन शलभासन फोटोसकट. लेख वाईट नाही. मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो त्यामुळे कंबरदुखी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको, आमच्या डेपोत ज्याची कंबर दुखत नाही तो नुकताच भरती झालेला असायचा. पण लेख दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि एक गोष्ट कुठंच सापडली नाही. ज्या माणसाला आधी कधी कॅन्सर झालाय, मग तो बरा झालेला असू दे नाहीतर गोळ्या-इंजेक्शन चालू असू दे, त्याची पाठ नव्यानं दुखायला लागली तर आसनं करायची नाहीत, चोळायचं नाही, आधी कॅन्सरच्या डॉक्टरला फोन आणि मणक्याचा एमआरआय. एवढीच ओळ. त्या एका ओळीसाठी हे पत्र आहे आणि ते लांबणार आहे, काटछाट तुम्ही करालच पण कुठली ओळ ठेवायची ते आता सांगून ठेवलं.

माझा थोरला भाऊ, आम्ही घरातले सगळे त्याला दादाच म्हणायचो, तो माझ्याच डेपोत ड्रायव्हर होता. कुंभार्ली घाट किती हजार वेळा चढला-उतरला असेल त्याचा हिशोब नाही. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी लघवीचा त्रास सुरू झाला आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन, सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, तो पीएसए का काय तो आकडा खाली आला की घरात पेढे. गडी ठणठणीत, शेतात जायचा, भांगलणीच्या बायकांशी भांडायचा, चार वर्षं अशी गेली की आम्ही तर कॅन्सर विसरूनच गेलो होतो. मग गणपतीत पाठ दुखायला लागली.

आता ड्रायव्हरची पाठ दुखते ही काय बातमी आहे का? कुणालाच काही वाटलं नाही, त्यालाही नाही. गावातल्या डॉक्टरनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरं वाटलं, परत दुखलं, परत इंजेक्शन. मग तालुक्याला एक्सरे काढला, तिथं सांगितलं वयामुळं झीज आहे, मणक्यात गॅप आहे. आपल्याकडं पाठ दुखली की दोनच निदानं, मणक्यात गॅप नाहीतर गादी सरकली, तिसरं कुणी ऐकलेलं नसतं. नंतर मला कळलं की मणक्यातलं हाड एक तृतीयांश ते निम्मं पोखरलं गेल्याशिवाय साध्या एक्सरेत धड दिसतच नाही, म्हणजे एक्सरे नॉर्मल आला म्हणून हुश्श करण्यात काही अर्थ नाही. मग वहिनीच्या माहेरचा एक चोळणारा आणला. त्यानं तेल लावून पाठीवर टाच देऊन दाबलं. मी तिथंच बसलो होतो चहा पीत, आणि दादा ओरडला तसा मी हसलो होतो. घाटात ब्रेक कमी लागला तरी न ओरडणारा माणूस म्हणून हसलो. हे लिहिताना आज हात थांबतो.

त्यानंतर दोन आठवड्यात तीन गोष्टी झाल्या आणि तिन्ही आम्ही डोळ्यांनी बघितल्या, अर्थ एकाचाही लावला नाही. एक म्हणजे आडवं झालं की दुखणं वाढायचं, त्यामुळं तो रात्र रात्र प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काढायचा, बसून मान टाकून झोपायचा. साध्या कंबरदुखीला माणूस आडवा पडला की आराम पडतो, याचं उलटं. दुसरं, म्हणायचा की छातीखालनं पट्टा आवळल्यासारखं होतंय, खोकला आला की पाठीत कळ येऊन पुढं पोटापर्यंत जाते. वहिनी म्हणाली गॅस झालाय, ओवा दिला. आणि तिसरं, अंगणातनं चालताना त्याची उजव्या पायातली चप्पल मागं राहायची आणि ह्याला पत्ता नसायचा, नातू चप्पल घेऊन मागनं पळायचा, आजोबा चप्पल आजोबा चप्पल, आणि सगळे हसायचे.

माझी सून पुण्याला नर्स आहे. दिवाळीला यायला जमत नाही हे सांगायला तिनं फोन केला होता, बोलता बोलता मी हा चपलेचा किस्सा गंमत म्हणून सांगितला. तिकडं एकदम शांत झालं. मग ती म्हणाली, "आप्पा, दादांना लघवी व्यवस्थित होते का, संडासला कधी झालंय विचारा, आणि आत्ताच्या आत्ता गाडी करून मोठ्या दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका, आणि गाडीत झोपवून न्या, तीन-चार जणांनी लाकडाच्या ओंडक्यासारखं एकसंध वळवायचं, पाठ पिळायची नाही." मी म्हटलं अगं लक्ष्मीपूजन आहे उद्या. ती म्हणाली आप्पा, परवा पाय राहणार नाहीत.

तिथं गेल्यावर अख्ख्या मणक्याचा एमआरआय झाला, फक्त दुखतं तेवढ्याच जागेचा करून चालत नाही कारण दुसरीकडंही असू शकतं, आणि होतंच. छातीमागचा दहावा मणका बसला होता आणि त्याच्यातनं गाठ मागं मज्जारज्जूवर, म्हणजे मणक्यांच्या आतनं जाणाऱ्या मुख्य नसेच्या दोरीवर चढली होती, कमरेतल्या दोन मणक्यांतही डाग. डॉक्टरबाईंनी लगेच स्टेरॉइड चालू केलं, डेक्सा म्हणतात ते, त्यानं सूज उतरते आणि थोडा वेळ हातात येतो. मी विचारलं बाई, कॅन्सर खाली लघवीच्या जागी आणि हा मणक्यात कसा गेला. त्यांनी सांगितलं की ओटीपोटातल्या शिरा आणि मणक्याभोवतीच्या शिरा एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्या मणक्याकडच्या शिरांना झडपा नसतात, बाकीच्या शिरांत रक्ताला वन-वे असतो तसा तिथं नाही, माणूस खोकला किंवा कुंथला तरी रक्त उलटं फिरतं. १९४० साली बॅटसन नावाच्या डॉक्टरनं हे दाखवून दिलं. हे एक कारण, कारणं आणखीही आहेत. दादाला ते वन-वे लगेच पटलं, म्हणाला नो एन्ट्रीचा बोर्डच लावला नाही देवानं.

नुसतं प्रोस्टेटचंच असं होतं असं नाही हं. स्तनाचा, फुफ्फुसाचा, किडनीचा, थायरॉइडचा कॅन्सर, शिवाय मायलोमा म्हणून रक्तातला एक आहे, हे सगळे हाडाकडं वळणारे, आणि हाडांत सगळ्यात जास्त मणक्यात. त्यातही निम्म्याहून जास्त वेळा छातीच्या मागच्या मणक्यांत, म्हणजे जिथं आपली नेहमीची कंबरदुखी सहसा नसते तिथं. तुमच्या लेखातला फोटो कमरेचा आहे म्हणून सांगितलं.

आता खरा मुद्दा, आणि इथंच माझ्या मनाला जास्त लागलंय. चोळणाऱ्याला आणला ते अडाणीपणानं. पण पुढचे दोन दिवस आम्ही शिकलेल्या माणसांनी घालवले.

डॉक्टरबाईंनी सांगितलं की ऑपरेशन करून दाब काढता येतो, पण यांचं हार्ट कमजोर, दोन-तीन ठिकाणी आजार, झेपायचं नाही, म्हणून रेडिएशन देऊ, उद्याच चालू करू, हे पॅलिएटिव्ह रेडिएशन असेल. झालं. पुतण्यानं मोबाईलवर तो शब्द शोधला आणि कॉरिडॉरमध्ये येऊन रडायला लागला, काका, म्हणजे शेवटचं असतं हे, त्यांनी हात टेकलेत. दहा मिनिटात ही बातमी गावात. वहिनीचे भाऊ जीप करून आले, म्हणाले बरं होणारच नसेल तर कशाला म्हाताऱ्याला भाजून काढताय, घरी न्या, सुखानं जाऊ दे. कुणी म्हणालं नाशिकला एक वैद्य आहे. कुणी म्हणालं केस जातील, अंग काळं पडेल, त्या लाईटनं माणूस आतनं जळतो. मी मोठा असून गप्प बसलो, कारण मलाही वाटलं की डॉक्टर आपले पैसे करतायत. सुनेचे फोन मी उचलले नाहीत, खोटं कशाला बोलू.

पेपरात याला उपशामक, म्हणजे त्रास कमी करणारे, उपचार छापतात, ते वाचून तर कुणालाच काही कळत नाही. गावात लाईट देणे म्हणतात, शेक देणे म्हणतात, ते निदान कळतं. माझं म्हणणं एवढंच की डॉक्टर जेव्हा म्हणतात कॅन्सर मुळापासून जाणार नाही तेव्हा आपण ऐकतो की आता काहीच करण्यासारखं नाही. ह्या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे ते मी त्या खाटेवर बघितलं. तो कॅन्सर जाणार नव्हता हे खरंच होतं, पण दुखणं जाणार होतं आणि पाय वाचणार होते, आणि त्याला वेळेची मुदत होती तासांत मोजायची. ब्रिटनच्या सरकारी नियमावलीत लिहिलंय की मज्जारज्जू दबल्याची लक्षणं दिसली तर २४ तासांत एमआरआय झाला पाहिजे आणि उपचारही लगोलग. हार्ट अटॅकसारखंच धरतात ते. आम्ही ४८ तास चर्चा केली. त्या ४८ तासांत उजवा पाय गेला आणि लघवी अडकली, नळी घालावी लागली.

आणि सगळ्यात लाजिरवाणं सांगू का, दोन दिवस आम्ही दादाला काही विचारलंच नव्हतं. त्याला सांगितलं होतं नस दबलीय. शेवटी त्या डॉक्टरबाईच स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसल्या आणि आमच्या देखत सगळं सांगितलं, कुठं आहे, काय होईल, काय होणार नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, गाडी स्क्रॅपला जायची ती जाणारच, आम्हाला ठाऊक असतंय की. पण तोवर ती रूटवर चालली पाहिजे ना. मला काय चिपळूणला जायचं नाही, संडासला माझ्या पायानं जाता आलं तरी बास." कागदावर सही त्यानं स्वतः केली, पुतण्याला करू दिली नाही.

रेडिएशनचं लोकांना फार भय आहे म्हणून जे बघितलं ते लिहितो. आधी सीटी स्कॅन काढून जागा ठरवतात आणि अंगावर शाईनं खुणा करतात, त्या पुसायच्या नाहीत, आंघोळीला साबण जपून. मग टेबलावर सरळ झोपवतात, मशीन वरनं आणि मागनं येतं, काही दिसत नाही, भाजत नाही, टोचत नाही, एक्सरे काढताना जसं काही कळत नाही तसंच. किरण चालू असतात ती काही मिनिटं, सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटात बाहेर. खोलीत पेशंट एकटा असतो, बाकीचे बाहेर कॅमेऱ्यात बघत असतात आणि माईकवरनं बोलतात. दादा बाहेर आल्यावर म्हणाला आत ना ड्रायव्हर ना कंडक्टर, गाडी आपोआप. त्याला त्रास झाला तो किरणांचा नाही, त्या कडक टेबलावर पाठ टेकून झोपण्याचा, म्हणून दुसऱ्या दिवसापासून अर्धा तास आधी मॉर्फिनची गोळी द्यायला लागले. मळमळ झाली दोन दिवस, कारण त्या मणक्याच्या पुढं जठर येतं, त्याची गोळी मिळते. डोक्यावरचे केस गेले नाहीत, जिथं किरण पडतात तिथलेच केस जातात आणि पाठीवर त्याचे होते किती. आणि माणूस रेडिएशन घेऊन घरी आला की त्याच्या अंगातनं काही बाहेर पडत नाही, नातवाला मांडीवर घेतलं तरी चालतं, आमच्याकडं एका शहाण्यानं चार दिवस पोराला जवळ जाऊ दिलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नाही, ती सांगायला पाहिजे होती. पहिल्या दिवशी रात्री दुखणं उलट वाढलं. मेव्हणे म्हणाले बघा, जाळला. पुतण्या म्हणाला उद्यापासून बंद. मी कधी नव्हे ते ड्युटीवरच्या नर्सवर ओरडलो. तिनं शांतपणे सांगितलं की असं होतं, तीन-चार जणांत एकाला तरी होतं, दोन-तीन दिवसात बसतं, डेक्सा त्यासाठीही असतं. आणि बसलं. हे आधी दोन वाक्यात सांगितलं असतं तर ती रात्र टळली असती. किती लोक त्या पहिल्या रात्रीला घाबरून अर्ध्यावर घरी जात असतील देव जाणे.

दादाला पाच सिटिंग दिली, म्हणजे पाच वेळा किरण, सगळं मिळून २० ग्रे, ग्रे म्हणजे ते किरण मोजायचं माप, लिटर-किलो तसं. आठव्या-नवव्या दिवशी तो पहिल्यांदा आडवा होऊन झोपला. वहिनी रात्री तीन वेळा उठून श्वास चालू आहे का बघत होती, इतका गाढ. दुखणं पुरतं कमी व्हायला महिना गेला, हळूहळू जातं ते. डावा पाय भरून आला, नळी निघाली, उजवा पाय मात्र पूर्ण आला नाही, घोटा लोंबायचाच. कमरेला पट्टा लावून वॉकर घेऊन सोप्यातनं परसातल्या संडासपर्यंत स्वतः जायचा. सोळा पावलं, मी मोजलीत. दोन दिवस आधी केलं असतं तर उजवाही राहिला असता का? डॉक्टरबाई म्हणाल्या नक्की कुणी सांगू शकत नाही, पण नियम साधा आहे, चालत येणारा बहुतेक वेळा चालता राहतो, आणि पाय पूर्ण गेल्यावर येणाऱ्याचे पाय क्वचितच परत येतात. मी पुढं विचारलं नाही.

आता सिटिंगच्या आकड्याबद्दल, कारण ह्यावर आपल्याकडं कुणी बोलत नाही. चार-पाच महिन्यांनी दादाचा उजवा खुबा दुखायला लागला, तिथंही डाग होता. ह्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो, तिसऱ्या दिवशी गेलो. आणि डॉक्टरबाई म्हणाल्या एकच सिटिंग, ८ ग्रे. सकाळी पहाटेच्या गाडीनं गेलो, दुपारी झालं, रात्री घरच्या पिठल्याला हजर. मला वाटलं सरकारी योजनेतला पेशंट म्हणून कमी देतायत, मी सरळ तसं विचारलंच. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचे जवळजवळ नऊशे पेशंट घेऊन अमेरिकेत याची तुलना झालीय, २००५ साली छापून आलीय, हाडातल्या दुखण्याला एका बाजूला एकदाच ८ ग्रे आणि दुसऱ्या बाजूला दहा दिवसात ३० ग्रे. दुखणं दोन्हीकडं सारखंच कमी झालं, तीनात दोघांचं. फरक एवढाच की एकदाच घेतलेल्यांत १०० पैकी १८ जणांना पुढं कधीतरी परत घ्यावं लागलं आणि दहावाल्यांत ९ जणांना. म्हणजे एकदाच घेणाऱ्यांतल्याही बहुतेकांना परत यावं लागलंच नाही.

सुनेनं नंतर मला आणखी एक समजावून सांगितलं. मज्जारज्जू दबलेल्यांवर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ६८६ जणांची तुलना झाली, २०१९ मध्ये आली, एक सिटिंग ८ ग्रे विरुद्ध पाच सिटिंग २० ग्रे, म्हणजे दादाला दिलं तेच. आठ आठवड्यांनी एकवाल्यांत १०० पैकी ६९ जण चालत होते आणि पाचवाल्यांत ७३. कागदावरच्या कडक हिशोबात एक हे पाचाइतकंच चांगलं असं काही सिद्ध झालं नाही, पण ज्याच्या हातात दिवसच थोडे आहेत त्याच्यासाठी त्यातले चार दिवस घरी घालवणं ही पण गोष्ट धरायला पाहिजे का नको. आणि ऑपरेशनचं पण एकतर्फी सांगत नाही, २००५ चीच आणखी एक तुलना आहे, एकाच जागी दाब आणि तब्येत धडधाकट असलेल्यांत आधी ऑपरेशन मग रेडिएशन केलेल्या १०० तले ८४ चालू शकले आणि नुसत्या रेडिएशनवाल्यांतले ५७. म्हणजे ज्याला झेपतं त्यानं सर्जनला दाखवल्याशिवाय सोडू नये. कुणाला एक, कुणाला पाच, कुणाला दहा, कुणाला ऑपरेशन, हे ठरवायचं डॉक्टरांनीच, मी कंडक्टर माणूस. पण "एका सिटिंगमध्ये भागेल का" हे विचारायला तर तिकीट लागत नाही ना.

कारण दहा सिटिंग म्हणजे काय असतं ते दवाखान्याच्या खोलीत बसून कळत नाही. मी मुंबईच्या गाडीवर कित्येक वर्षं काढली, परळला टाटा हॉस्पिटलसाठी उतरणारे कॅन्सरचे पेशंट रोजचे. हातात एक्सरेची पिशवी, बरोबर एक माणूस ज्याचा रोज बुडालेला, दुखणाऱ्या पाठीनं अख्खी रात्र सीटवर बसून यायचं. खड्डा आला की मागनं आवाज यायचा आणि ड्रायव्हर आरशात बघून स्पीड कमी करायचा, दादा तर करायचाच. दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत ज्याला जागा मिळाली तो नशीबवान, बाकीचे फुटपाथवर. अशा माणसाला एका दिवसात भागत असताना दहा दिवस ठेवला तर तो दुसऱ्या दिवशीच पळून जातो आणि मग एकही पूर्ण होत नाही. एसटीत कॅन्सर पेशंटला सवलत आहे, रेल्वेत स्लीपरला आणि थ्री एसीला पेशंटचं तिकीट पूर्ण माफ आहे, हे पण लोकांना माहीत नसतं, डॉक्टरकडनं त्याचा फॉर्म भरून घ्यायचा असतो. महात्मा फुले योजनेत रेडिएशन बसतं, आमचा त्याचा खर्च त्यातनंच झाला, रेशनकार्ड आणि आधार मात्र पहिल्याच दिवशी बरोबर न्या, आम्हाला त्यासाठी परत गावी हेलपाटा पडला. आणि ह्या कामाला फार भारी परदेशी मशीनच पाहिजे असंही नाही, कोबाल्टच्या मशीनवर सुद्धा मणक्याचं असं रेडिएशन होतं, आणि तसलं भाभाट्रॉन नावाचं मशीन आपल्या बीएआरसीनंच, म्हणजे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानंच बनवलेलं आहे. मग जिल्ह्याजिल्ह्यात का नाही हा प्रश्न तुम्ही विचारा, तुमच्याकडं वार्ताहर आहेत.

मॉर्फिनबद्दल पण चार शब्द, मग आवरतो. रेडिएशनचा गुण यायला दिवस लागतात, तोवर माणसानं काय ओरडत राहायचं? तोंडानं घ्यायची मॉर्फिनची गोळी स्वस्त असते. पण तालुक्याच्या एकाही मेडिकलमध्ये मिळाली नाही, एकानं तर माझ्याकडं मी गर्दुल्ला असल्यासारखं बघितलं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं सगळे घाबरले ते घाबरले, २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन औषधासाठी मिळणं सोपं व्हावं असं ठरलं, पण ते आमच्या तालुक्यापर्यंत अजून पोचायचंय, वस्तीची गाडी पंक्चर झाली असेल वाटेत. गोळी चालू केली की बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध त्याच दिवसापासून बरोबर घ्यायचं, हे पण कुणी सांगत नाही. व्यसन लागेल म्हणून वहिनी निम्मी गोळी लपवून ठेवायची. अडुसष्ट वर्षांच्या, मणका मोडलेल्या माणसाला व्यसन!

दादा त्यानंतर अकरा महिने होता. शेवटचे तीन आठवडे सोडले तर त्या सोळा पावलांसाठी त्यानं कुणाचा हात घेतला नाही. एकदा पुतण्यानं जीपमधनं घाटाच्या तोंडापर्यंत फिरवून आणला, तर पूर्ण रस्ता त्याला शिव्या, गियर कधी टाकतोस, क्लचवर पाय ठेवून चालवतोस, गाडीचा जीव घेशील.

ब्रिटनमध्ये काही दवाखान्यांतनं अशा पेशंटना खिशात मावेल एवढं कार्ड देतात म्हणे, त्यावर लिहिलेलं असतं की पाठीत नवीन दुखणं, रात्री वाढणारं, पट्टा आवळल्यासारखं, पायात मुंग्या किंवा पाय लटपटणं, लघवी-संडासचा बदल, यातलं काही झालं तर थांबू नका, ह्या नंबरला फोन करा. दादाची फाईल तीन किलोची होती, त्यात असला एक कागद नव्हता. छापायला किती खर्च येतो? आमच्या तिकिटाच्या मागं सुद्धा जाहिराती छापायचे.

तुमच्या लेखाच्या शेवटी लिहिलंय की पुढच्या रविवारी दुसरा भाग येणार. त्यात ही ओळ टाका, ठळक टाईपात. जागा कमी पडत असेल तर भुजंगासनाचा फोटो लहान करा, तो तसाही पहिल्या भागात येऊन गेलाय.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर, जि. सातारा